खालच्या पट्टीतली गाणी

अलेक्झांड्रिया, १८ नोव्हेंबर २०१७

आबेह हिल्मी,

हा शब्द वाचूनच तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. मोठ्या भावाला आबेह म्हणायचं हे आईने मला बोलायला लागल्यापासून शिकवलं, आणि बँड सुरू झाल्यावर तू ते बंद करायला लावलंस. गिटारवाल्याला स्टेजवर कुणी आबेह म्हणतं का, हे तुझं म्हणणं. आता स्टेज नाही. तेव्हा आबेह.

फोन तू उचलत नाहीस. पाठवलेले निरोप उघडतही नाहीस, ते मला दिसतं. म्हणून कागद. हुरगदाच्या बसचा एक ड्रायव्हर रमसीसकडे दात दाखवायला येतो. त्याच्या तोंडात यंत्र घातलेलं असताना रमसीसने त्याच्याकडून कबूल करून घेतलं, की हा लिफाफा तो तुझ्या हॉटेलच्या दारात नेऊन देईल. बिचाऱ्याला नाही म्हणायची सोय नव्हती.

काल मकनसा येऊन गेली. दरवर्षीसारखंच या वादळाने सगळं झाडून काढलं. समुद्र रस्ता ओलांडून फळवाल्याच्या दुकानात शिरला. आईने बाल्कनीच्या दारात जुने टॉवेल कोंबले आणि मला विचारलं, हिल्मीकडे हिवाळा असतो का गं? मी पाटीवर लिहिलं, तिथला समुद्र तळ्यासारखा, त्याला कसला आलाय हिवाळा. पाटी कशाला, असं विचारशील. घसा बसलाय. थोडे दिवस बोलू नको म्हणालेत. एवढंच.

बातमी निराळीच आहे. बखीतला दोन मुलग्यांनंतर मुलगी झाली. सातव्या दिवसाच्या सोहळ्याला त्याने मला बोलावलं आणि त्याच्या बायकोने त्याला न विचारता रमसीसला. तुला माहीतच आहे, कैरोच्या त्या कार्यक्रमापासून आपला ड्रमवाला आणि आपला बेसवाला एकमेकांचं तोंड बघत नव्हते. बाळाच्या कानाशी पितळी खलबत्ता कुटायचं काम बखीतच्या आईचं. म्हातारी दमली, तिने बत्ता मुलाच्या हातात दिला. आणि या बाबाने बाळाला चार शहाणपणाचे शब्द सांगायचे सोडून आपल्या 'दार लोटू नका' या गाण्याचा ठेका धरला. आधी हळू, मग चांगला ठासून. मी समोर बघते तर रमसीसची बोटं चहाच्या ट्रेवर चाललेली.

रमसीस ट्रेकडेच बघत म्हणाला, "अजूनही घाई करतोस."

"आणि तू अजूनही मागे राहतोस," बखीत म्हणाला.

तीन वर्षांनी दोघं एकमेकांशी बोलले ते हे. बाळ झोपूनच होतं.

आम्ही नवा अल्बम करतोय, हिल्मी. बँडच्या 'मल्लाहा' याच नावाने. मिठागराच्या वासात वाढलेली पोरं म्हणून ते नाव तूच ठेवलंस, तेव्हा तुला कळवणं भाग आहे.

'काचेचं शहर' या मागच्या अल्बमबद्दल आपण कधीच बोललो नाही. तो चकचकीत निर्माता तू शोधून आणलास, हे खरं. पण सह्या आम्हीही केल्या, कुणी हात धरून करून घेतल्या नाहीत. अल्बम पडला. लोकांनी नावं ठेवली. "लिफ्टमध्ये ऐकायला बरा आहे, फक्त आपला मजला लवकर यावा," असं एकाने छापलं होतं. ते कात्रण बखीतजवळ अजून आहे. पाहुण्यांना वाचून दाखवतो आणि स्वतःच पोट धरून हसतो. कैरोत लोक फोन बघत बसले म्हणून तू अर्ध्या गाण्यात गिटार खाली ठेवून निघून गेलास, आणि आज हॉटेलात पांढरा कोट घालून पाहुण्यांच्या जेवणाला संगीत देतोस. शिक्षाच भोगायची होती तर आम्हाला विचारायचंस तरी. आम्ही तुला इतकी दिली नसती.

ये असं म्हणत नाही. फक्त ऐक, एवढंच. गाणी झाली की पाठवते.

इनास


१० डिसेंबर

हिल्मी,

तुझं उत्तर नाही. ड्रायव्हर म्हणतो लिफाफा त्याने तुझ्या हातात दिला आणि तू त्याला चहा पाजलास. म्हणजे जिवंत आहेस.

रेकॉर्डिंग रमसीसच्या दवाखान्यात चालतं, शुक्रवारी, पेशंट नसतात तेव्हा. बखीतचे ड्रम बाहेरच्या खोलीत, दात किडल्याच्या तक्त्याखाली. रमसीस आत आपल्या फिरत्या स्टुलावर. माझा माईक खुर्चीच्या दिव्याच्या दांडीला बांधलाय, त्यामुळे मी पेशंटच्या खुर्चीत अर्धी आडवी होऊन गाते. खाली मासे तळणाऱ्याचं दुकान आहे. दुपारी वास असा वर येतो, की बखीतचा ठेका हमखास भरकटतो. मग आम्ही जेवून घेतो.

एकच पंचाईत आहे, हवा भरणारं ते यंत्र. बटण बंद केलं तरी मनात येईल तेव्हा घरघरतं. रमसीस म्हणतो, जुनं आहे, हट्टी आहे. बखीत म्हणतो, मालकासारखं.

गिटारची जागा आम्ही रिकामी सोडली आहे. दुसऱ्या कुणाला बोलावलेलं नाही. तो विषय कुणी काढतच नाही.

सोबत पेनड्राइव्हवर दोन गाणी देतेय. एक नवं, आणि एक 'दार लोटू नका' पुन्हा नव्याने. आवाज थोडा जड वाटेल, सर्दी आहे. कासिमच्या वादळात भिजले. आई दिवसभर यानसून उकळून पाजते, घराला बडीशेपेचा वास येतो.

इनास


६ जानेवारी २०१८

हिल्मी,

तुझी चार ओळींची चिठ्ठी मिळाली. तीन वर्षांत चार ओळी, आणि त्यात माझी विचारपूस नाही की आईची. नुसतं हे: "ही सर्दी नाही. 'दार'मधल्या वरच्या सुराआधी तू दोनदा श्वास घेतलास. सर्दी झालेला माणूस असा घाबरत नाही. काय झालंय?"

मी ती आईला दाखवली नाही. न्हाणीघरात जाऊन पुन्हा पुन्हा वाचली.

तर ऐक. उन्हाळ्यापासून आवाज फाटत होता. शाळेत एकदा मुलांना सूर देताना तोंडातून नुसती हवा आली, आणि मुलं हसली. त्यांना वाटलं मी मुद्दाम केलं. स्वरतंतूवर गाठ निघाली. ऑक्टोबरमध्ये कापून काढली. साधी गाठ होती, घाबरू नकोस. डॉक्टर मिरवतबाई हुशार आहेत, आणि फटकळ. शस्त्रक्रियेनंतर कित्येक आठवडे एक शब्द बोलायचा नव्हता, कुजबुजायचंही नाही. पाटी त्यासाठी होती.

आवाज परत आला, पण सगळा नाही. वरचा भाग गेला. 'दार लोटू नका'च्या शेवटचा तो सूर, ज्यासाठी लोक गाणं संपेपर्यंत उभे राहायचे, तो आता लागत नाही. तू ऐकलास तो मी कसाबसा ओढून आणलेला होता. त्यानंतर दोन दिवस बोलू शकले नाही. मिरवतबाईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई, तुला गायचंय की एकदाच गायचंय?"

तुला सांगितलं नाही, कारण तू दोनपैकी एक काहीतरी केलं असतंस. कीव येऊन धावत आला असतास, आणि तसा तू मला नको होतास. नाहीतर हेही स्वतःच्या माथी मारून घेतलं असतंस, की त्या निर्मात्याने गाणी वर चढवून घेतली आणि तू गप्प राहिलास म्हणून बहिणीचा घसा गेला. तसं काही नाही. मी बाईंना मुद्दाम विचारलं. चाळीस पोरांच्या वर्गात बारा वर्षं ओरडल्याने हे होतं, असं त्या म्हणाल्या. हवं तर तुला लिहून द्यायलाही तयार आहेत, त्या तुलाही ओरडतील.

बखीत आणि रमसीसला शस्त्रक्रियेचं माहीत आहे. वरचा सूर कायमचा गेला, हे मात्र तुलाच पहिल्यांदा सांगतेय. त्यांना कसं सांगू कळत नाही. ते दोघं पोरांसारखे खूश आहेत रे.

इनास


४ फेब्रुवारी

हिल्मी,

पाकीट मिळालं. त्यातलं तुझ्या गिटारचं रेकॉर्डिंग आम्ही तिघांनी दवाखान्यात बसून ऐकलं. मागे कसला तरी गडगडाट आहे म्हणून रमसीस वैतागला होता. कपडे वाळवायच्या यंत्राचा आवाज तो, असं चिठ्ठीत वाचल्यावर गप्प झाला. हॉटेलच्या धोबीखान्यात, ओल्या चादरींमध्ये बसून वाजवलंस तू ते! तिथे भिंतीचा आवाज मऊ येतो म्हणे. तुला ते कसं कळलं, हे मी विचारणार नाही. किती दिवस तिथे एकटा वाजवत होतास, तेही नाही.

पण तुझ्या चिठ्ठीच्या दुसऱ्या ओळीने इथे आग लावली. "सगळी गाणी खालच्या पट्टीत घ्या. अडीच सूर. थोडीथोडकी नकोत." मग मला कारण सांगावंच लागलं.

रमसीसने आपल्या तारा सैल करून बघितल्या आणि म्हणाला, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारख्या लोंबताहेत, यावर काय वाजवू? मग त्याने खरं होतं ते बोलून टाकलं.

"इनास, राग मानू नको. लोक तुझ्या वरच्या सुरासाठी यायचे. एक पडलेला अल्बम आपल्या मागे आहे. या वेळी त्यांना वाटेल, इनासच्या जागी कुणी दुसरीच आणून बसवली."

मला राग आलाच. मी कोट घालून खाली उतरले, ट्रामच्या रुळांपर्यंत गेले. तिथे उभी राहून विचार केला, की घरी जाऊन काय करणार? आईचा यानसून पिणार. सुट्टी संपली की शाळेत जाणार. तेही काही वाईट नाही. पण त्या खोलीत तुझी गिटार वाजत होती, माझ्या आत्ताच्या आवाजाला जुळवून लावलेली, आणि तिच्यावर अजून कुणी गायलं नव्हतं. परत वर गेले.

दिवा मालवायला सांगितला. खुर्चीत न बसता उभी राहिले आणि नवं गाणं खालून धरलं. पहिली ओळ ऐकून मीच दचकले. छातीतून येत होता आवाज, थोडा खरखरीत. ओढाताण नव्हती. दुसऱ्या कडव्याला बखीतने काठ्या ठेवून दिल्या आणि हातांनीच वाजवायला लागला. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. शेवटच्या ओळीवर ते मेलं यंत्र घरघरलं. मी थांबले नाही.

संपल्यावर मी रमसीसकडे पाहिलं. तो तारा पिळत होता.

"जाड तारा आणाव्या लागतील," तो म्हणाला. म्हणजे पटलं.

यंत्राची घरघर आम्ही तशीच ठेवली आहे. तुझ्या धोबीखान्याशी तिचं बरं जमतं.

इनास


२८ मार्च

हिल्मी,

नीट पोहोचलास हे ड्रायव्हरकडून कळलं. तू दोनच दिवस राहिलास, आणि त्यातला दीड दिवस रमसीसशी भांडण्यात घालवलास. गाण्यात तुझ्या गिटारचा आवाज मोठा हवा की लहान, यावर भांडणं मी पुष्कळ पाहिली. पण गिटारवालाच तो लहान करा म्हणतोय आणि बेसवाला मोठा करा म्हणून टेबल बडवतोय, हे पहिल्यांदाच पाहिलं. बखीत म्हणतो, हे दोघं आजारी आहेत.

तू येशील असं कळवलं नव्हतंस. शुक्रवारी बेल वाजली तेव्हा रमसीस आतूनच ओरडला, की आज दवाखाना बंद आहे. तू दाराबाहेरून म्हणालास, "दात नाही दुखत." आम्ही तिघंही जागचे हललो नाही. शेवटी बखीत उठला. त्याने तुला दारातच असं कवटाळलं, की बराच वेळ आम्हाला तू दिसलाच नाहीस, नुसती त्याची रुंद पाठ.

मला वाटलं होतं आपण बोलू. त्या कैरोच्या दिवसाबद्दल, बाबा गेले तेव्हा तू कुणाशी न बोलता परत गेलास त्याबद्दल. बोललो नाही. निघताना तू इतकंच म्हणालास, "तू इथून गायला लागलीस हे बरं झालं," आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवलास. मला तेवढं पुरलं. तुला पुरलं का?

तू गेलास आणि संध्याकाळी अव्वा आली, वर्षातलं शेवटचं वादळ. आता समुद्र मोकळा होईल. अल्बमला तेच नाव द्यावं असं तिघांचं मत पडलं. तुझं वेगळं असेल तर लवकर कळव. नसेल तर गप्प बस, ते तुला जमतं.

इनास


१३ मे

हिल्मी,

'अव्वा' बाहेर येऊन तीन आठवडे झाले. तू वाचत नाहीस म्हणून मी सांगते, चांगलं-वाईट दोन्ही.

वाईट आधी. बऱ्याच जणांनी लिहिलं, जुनी इनास कुठे गेली. एकाने म्हटलं, गाणारी बाई विडी ओढायला लागलेली दिसते. बखीतने लगेच तेही कात्रण म्हणून ठेवून घेतलं. रेडिओवर एकदाच लागलं, आणि तेही बातम्यांनी मध्येच तोडलं.

आता चांगलं. पहिल्या आठवड्यात काहीच हललं नाही. नंतर लोक एकमेकांना पाठवायला लागले. ज्याने लिफ्टबद्दल लिहिलं होतं, त्यानेच लिहिलंय. रमसीसने ते दवाखान्यात चिकटवलंय, दात किडल्याच्या तक्त्यावर. "मी हा अल्बम गाडीत लावला आणि घर आल्यावरही खाली उतरलो नाही." बाकी लेख लांब आहे, पण आम्हाला तेवढंच पाठ आहे. काल माझ्या शाळेतल्या एका मुलीचा बाप मला शोधत आला. बंदरात क्रेन चालवतो. म्हणाला, बाई, तुमचं ते खालचं गाणं मी क्रेनमध्ये बसून म्हणतो, माझ्या आवाजाला झेपतं. आपली गाणी कुणाला झेपतील असा विचार आपण कधी केला होता का?

ईद झाल्यावर, बावीस जूनला, कार्यक्रम ठरलाय. इथेच, क्लिओपात्रा भागातल्या त्या लहान नाट्यगृहात. पोस्टरवर चार नावं छापलीत. मालकाने विचारलं, चौथा माणूस येणार ना नक्की? रमसीस म्हणाला, छापा. मी म्हणाले, छापा. बखीत म्हणाला, नाही आला तर मी हुरगदाला जाऊन त्याला पांढऱ्या कोटासकट उचलून आणीन.

तुझा हॉटेलचा करार संपायला अजून वेळ आहे, ठाऊक आहे. तरी सुट्टी माग. लग्न आहे म्हण, बारसं आहे म्हण, काय वाटेल ते सांग.

इनास


२४ जून

हिल्मी,

तू काल पहाटेच्या बसने गेलास. सामान आवरून, मॅनेजरला सांगून गुरुवारी परत येतो असं आईला वचन दिलंस. मला दिलं असतंस तर मी विश्वास ठेवला नसता, आईला दिलेलं तू मोडत नाहीस. तुझ्या खोलीतल्या माझ्या शिवणाच्या पेट्या मी हलवल्या आहेत.

गुरुवारी बोलूच. पण एक गोष्ट तोपर्यंत माझ्याजवळ राहणार नाही, म्हणून लिहितेय. त्या दिवशी पूर्ण वेळ तू मान खाली घालून वाजवलंस. एकदाही वर पाहिलं नाहीस. त्यामुळे जे झालं त्यातलं निम्मं तुला ठाऊकच नाही.

पहिलं गाणं संपलं तेव्हा टाळी वाजली नाही. मला वाटलं, झालं, पुन्हा कैरो. तुझा हात तारांवर आवळलेला मला दिसत होता. पण मी समोर बघत होते, म्हणून मला कळलं. एकाच्याही हातात फोन नव्हता. ते थांबले होते. गाणं हळू संपतं ना, ते खरंच संपलं की नाही याची खात्री करून घेत होते. मग जे सुरू झालं ते तू ऐकलंस. ऐकताना मागच्या रांगेतल्या लोकांचे चेहरे पाहायला हवे होतेस. आपल्या पहिल्या दिवसांपासूनचे होते त्यातले काही, आता केस विरळ झालेले, मुलं कडेवर.

'दार लोटू नका'ला मला भीती होतीच. आपण ते खालून घेतलं, आणि शेवटी तो सूर यायच्या जागी मी गप्प राहिले. ठरवलं नव्हतं. तिथे तू एकट्याने वाजवलंस, खालीच, अगदी थोडं. समोर एक बाई रडत होती आणि तिचा नवरा तिच्याकडे बघायचं टाळत होता. कुणीही तो जुना सूर मागितला नाही.

आणि हे तर तुला माहीतच नाही. आई आली होती.

हो, आपली आई. घरात गा, हमामात गा, पण परक्या माणसांसमोर उभं राहिलेलं मला बघवत नाही, असं म्हणून इतकी वर्षं जी एकदाही आली नाही, ती. बखीतच्या बायकोने तिला टॅक्सीने आणलं. आपल्याला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती. कार्यक्रम संपताच निघून गेली, आपण पोहोचायच्या आत जेवण गरम करून बसली, आणि कसा झाला म्हणून आपल्यालाच विचारलं. तू भात वाढून घेत तिला सगळं सांगत होतास आणि ती "हो का?" म्हणत होती, आठव जरा.

आज सकाळी मासे साफ करताना तिने मला सांगितलं. मी विचारलं, मग कसं वाटलं? ती खूप वेळ खवलं काढत राहिली.

"पूर्वी तू घरात गायचीस ना, वर चढायचीस, तेव्हा मला धडकी भरायची," ती म्हणाली. "वाटायचं, आता तुटेल काहीतरी. म्हणून मी येत नव्हते. परवा नाही भीती वाटली."

तीच पुढे म्हणाली, "पण हिल्मी सारखा जमिनीकडे का बघतो?"

मी म्हटलं, लाजतो तो, आई.

"कुणाला लाजतो? त्याला सांग, पुढच्या वेळी वर बघ. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. दोनदा हात हलवला मी त्याला."

तर सांगतेय. गुरुवारी ये, आणि पुढच्या वेळी वर बघ. ती तिसऱ्या रांगेत असेल.

इनास